पाठकोरा ठराव

देवळी,
घट बसायला चार दिवस बाकी.

तीर्थस्वरूप अण्णाजी भाऊ यांच्या चरणी धाकट्या सुलोचनाचा डोके टेकवून नमस्कार. (साष्टांग घालायचे मनात होते, पण डावा गुडघा एकदा खाली गेला की वर यायला दोन माणसे लागतात, आणि सध्या घरात हाताशी एकच आहे, तेही माझ्याशी बोलत नाही. का ते पुढे येईलच.) समुद्रपूरला वहिनींची कंबर, दुकानातली उधारी आणि तुमचा डोळा, तिघांचीही रोज देवाजवळ चौकशी करते. डोळ्याचे ऑपरेशन नवे आहे म्हणून अक्षर मोठे काढते आहे. कागद जास्त लागेल, पण त्याची फिकीर करू नका, कागद फुकटचा आहे. फोन का केला नाही असे विचाराल, तर माझे रिचार्ज संपले आणि नवीन टाकायला साडेतीनशे लागतात. शिवाय फोनवर दुकानात गिऱ्हाईक आले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला ठेवतो म्हणता येत नाही.

तर कागदाचे आधी सांगते. हे पान उलटून पाहिलेत तर मागे धवलगंगा कंपनीचा ताळेबंद दिसेल. दचकू नका, चोरीचा नाही, भागधारक म्हणून मला घरपोच आलेला आहे. बाबांनी आपल्या नावे कंपनीचे शेअर घेतले होते ते आठवत असेल. तुमचे पाचशे कारण तुम्ही मुलगा, माझे शंभर कारण मी मुलगी. (याचा मी आजवर शब्दही काढला नाही, आजही काढत नाही, फक्त लिहिले.) दरवर्षी कंपनी गुळगुळीत रंगीत अहवाल पाठवायची आणि तो मी फडताळात डब्यांखाली घालायची. या वर्षी मंदी म्हणून कंपनीने साध्या कागदावर झेरॉक्स काढून पाठवला, तोही एकाच बाजूने. म्हणजे चौसष्ट कागद पाठकोरे. भाऊ, काटकसर कशी करू नये हे शिकायचे असेल तर मोठ्या लोकांची काटकसर पाहावी. मी ते चौसष्ट कागद पाहून देवाला नमस्कार केला आणि किराण्याच्या यादीची, रुचिकाच्या कच्च्या लिखाणाची आणि तुम्हाला पत्रे लिहिण्याची दोन वर्षांची सोय झाली असे समजून ते उशीखाली दाबून ठेवले.

आता मंदीबद्दल. हे सव्वीस वर्षे पुलगाव रोडवर धवलगंगेच्या वजनकाट्यावर आहेत हे तुम्ही जाणताच. कापसाची गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची, पावती फाडायची. ह्यांच्या पावतीवर आजवर एका किलोची खाडाखोड नाही. घरीही भाजीवाल्याच्या तराजूकडे असे बघतात की तो बिचारा आपणहून एक वांगे वर टाकतो. आणि ह्यांच्या हातचा ४ तर तालुक्यात प्रसिद्ध आहे, आखाड्यात दोन हात वर करून उभ्या असलेल्या पैलवानासारखा. शेतकरी पावती बघूनच सांगतात की आज काट्यावर प्रभाकरराव होते. अशा माणसाच्या पगाराचा कंपनीने मागच्या वर्षी चवथा हिस्सा कापला. सुताला उठाव नाही, सगळ्यांनी थोडी थोडी झळ सोसू, असे फलकावर लिहिले होते. बावीस हजार चारशेचे सोळा हजार आठशे झाले. बोनसचे "पुढे पाहू" झाले.

मग मीही घरात मंदी जाहीर केली. दूध दीड लिटरचे एक केले. हिंगाची डबी आता फोडणीवर नुसती उघडून दाखवते. रुचिका वर्ध्याला बी.कॉम.ला जाते, तिचे अर्धे तिकीट आहे तरी तिला सांगितले की मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून मिळत असेल तर अर्धे तरी कशाला. देवाचा नैवेद्य पेढ्यावरून खडीसाखरेवर आणि खडीसाखरेवरून फुटाण्यावर आणला. (देवाला आधी माझी हिशेबाची वही दाखवून नीट समजावले. त्यांनी तोंड वाकडे केले नाही. गणपतीत मात्र मोदक पूर्ण एकवीस केले, आकार तेवढा सुपारीएवढा ठेवला.) आणि खरे सांगू का भाऊ, मला या सगळ्याचे वाईटही वाटत नव्हते. सगळ्यांवरच आली आहे तर आपल्यावरही आली, असे मनाला वाटले की हिंगाशिवायही वरण गोड लागते.

गोडी गेली ती सत्तेचाळिसाव्या पानावर. रुचिका त्याच्या कोऱ्या बाजूवर गणित सोडवत बसली होती. सहज उलटून तिने पुढची इंग्रजी बाजू वाचली आणि म्हणाली, "आई, साहेबाचा पगार वाढला." मी म्हटले, "वाढला नाई, कापला असन, नीट वाच." तिने नीट वाचले. व्यवस्थापकीय संचालक साहेब, जे पुण्याहून तीन वर्षांपूर्वी आले, त्यांचे वर्षाचे एक कोटी चाळीस लाखांवरून एक कोटी ब्याण्णव लाख करण्याचे योजिले आहे, सभेत मंजुरी घ्यायची आहे. कारण खाली दिले होते, ते मी रुचिकाकडून दोनदा मराठी करून घेतले. "कठीण काळात गुणी नेतृत्व टिकवून ठेवण्यासाठी."

तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसाचे मोठे असते, सुलोचने, तुला काय करायचे. मीही स्वतःला हेच म्हटले आणि पोळ्या लाटायला बसले. पण वही लिहिणाऱ्या बाईच्या डोक्यात आकडा शिरला की तो पोळपाटावरही फिरतो. तीनशे पासष्टाने भागले. दिवसाचे बावन्न हजार सहाशे आले. मग वाटले, दिवसाचे म्हणजे रात्रही आली की त्यात. साहेब झोपतात तेव्हाही मीटर चालूच. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला आपल्या आनंदाबाई आहेत, त्यांना विचारले. साडेदहाला झोपतात, साडेसहाला उठतात, म्हणजे आठ तास. (दुपारी जेवणानंतर तासभर आणखी असते म्हणाल्या, पण ती मी धरली नाही. कोणाच्या दुपारच्या झोपेवर बोट ठेवू नये.) एका रात्रीच्या झोपेचे झाले सतरा हजार पाचशे तीस. वरचे चार रुपये मी सोडून दिले, माणसाने इतके चिकट असू नये. आणि ह्यांचे महिनाभर जागेपणी, उन्हात, काट्यावर उभे राहून सोळा हजार आठशे. साहेब एक झोप काढतात तेवढ्यात ह्यांचा महिना होतो, वर सातशे तीस उरतात. भाऊ, मला रडू यायला हवे होते, पण मला असे हसू आले की पोळी करपली. (ती ह्यांना वाढली नाही. मीच खाल्ली.)

त्या दिवसापासून मी घर कंपनीच्या पद्धतीने चालवायचे ठरवले. संध्याकाळी ह्यांच्यापुढे चहा ठेवून म्हटले, या घराची कार्यकारी मी आहे, काळ कठीण आहे, तरी मला टिकवून ठेवण्यासाठी महिन्याचे दोनशे रुपये वाढवावेत. हे बशीतून चहा फुंकत म्हणाले, "टिकवून काऊन? तू जाशीन तं जाशीन कुठं?" मी म्हटले, "हेच साहेबाले काऊन नाई विचारत कोणी?" त्यावर ह्यांनी बशी खाली ठेवली आणि दाराकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते, पण पगार कापलेला माणूस दाराकडे बघतो. म्हणाले, "हे बोलनं घरातच ठेवजो." आणि मग सांगितले, जे आठ दिवस पोटात ठेवले होते. कंपनी आणखी अकरा माणसे कमी करणार आहे. सभा झाली की यादी लागेल. काट्याला आता आपोआप पावती देणारे यंत्र बसवायचे आहे, तेव्हा यादीत ह्यांचे नाव पहिले आहे.

मग हसू पळाले. रुचिकाचे अजून दीड वर्ष बाकी आहे आणि ह्यांना चौपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण काटा देणार. मी त्या रात्री देवाला फुटाण्यांबरोबर खडीसाखरही ठेवली.

आणि पहा, दुसऱ्याच दिवशी कंपनीतले आस्थापनेचे किसनराव घरी आले. हे किसनराव म्हणजे साहेबांचा उजवा हात, चपला काढायच्या आधी रुमाल काढून घाम पुसणारे. म्हणाले, साहेबांची इच्छा आहे की सभेत पगाराचा ठराव एखाद्या भागधारक भगिनीने मांडावा, फोटो चांगला येतो. "वैनी, तुमचा आवाज साऱ्या देवळीले ठाऊक हाय. चार ओळी वाचा लागते अन् खाली बसा लागते. प्रभाकररावचं नाव यादीतून काढाची जबाबदारी माही." असे म्हणून त्यांनी टाइप केलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. ज्या पगारावर मी पोळी करपवली होती तोच पगार मंजूर करा, असे मी माझ्या तोंडाने म्हणायचे. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे देवघराकडे पाहत होते. मी चिठ्ठी घेतली. भाऊ, तुम्हीही घेतली असती. हो म्हणताना मला काहीच वाटले नाही, वाटले ते किसनराव गेल्यावर कप विसळताना.

आता सभेचा दिवस. सकाळी पूजा करून चिठ्ठी पोथीवर ठेवली. नंतर हे नमस्काराला गेले ते चांगली पाच-सात मिनिटे देवघरातच. मला वाटले, नाव निघावे म्हणून विनवत असतील. निघताना एवढेच म्हणाले, "सरकं वाचजो. घाई करू नको."

सभा कंपनीच्या गोदामात होती. कापूस नाही म्हणून गोदाम रिकामे, त्यात खुर्च्या मांडलेल्या, मागे मोठा पडदा, "आपण सारे एक कुटुंब". आमच्या भजनी मंडळातल्या बावीसपैकी एकोणीस जणी भागधारक आहेत, कारण कंपनी निघाली तेव्हा देवळीच्या घराघरात शंभर-शंभर शेअर खपवले होते. त्या दरवर्षी सभेला नाश्त्याच्या पाकिटासाठी येतात, आणि उरलेल्या तिघी एकोणिसांना सोबत म्हणून. या वेळी सभेनंतर लगेच जिजाबाईंच्या नातवाच्या बारशाला भजन होते, तेव्हा सगळ्या टाळ घेऊनच आल्या होत्या. आमच्या मंडळाची पद्धत तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे आहे. मी सांगणारी, बाकीच्या मागून म्हणणाऱ्या. ओळीच्या शेवटी माझा आवाज उतरला की शेवटचे शब्द त्यांनी उचलायचे. अठरा वर्षांची सवय आहे. जिजाबाई तर डोळे मिटूनच बसतात, माझा आवाज उतरला की त्यांचा टाळ आपोआप वाजतो, मग त्या जागेवर असोत की मनाने दुसरीकडे.

अध्यक्ष ऐंशीचे, मऊ माणूस, त्यांनी चार विषय झोपेत असल्यासारखे मंजूर करून घेतले. पाचवा विषय आला, किसनरावांनी मला खूण केली, फोटोवाला पुढे आला. मी उठले. पदर सावरला, चिठ्ठी धरली आणि सावकाश वाचले, कठीण काळात गुणी नेतृत्व टिकवून ठेवण्यासाठी व्यवस्थापकीय संचालकांना वार्षिक एक कोटी ब्याण्णव लाख रुपये देण्याचे मंजूर करावे. आवाज शेवटी उतरला. मागून एकवीस जणींनी एका सुरात म्हटले, "मंजूर कराऽऽवे", आणि टाळ वाजला. साहेब खूश झाले. त्यांना वाटले किसनरावांनी तालीम घेतली आहे. त्यांनी हात जोडले, फोटो निघाला.

इथे थांबायला हवे होते. पण भाऊ, माझ्या दोन खोडी तुम्ही लहानपणापासून जाणता. एक, पाठकोरा कागद दिसला की मी त्यावर हिशेब मांडते. दुसरी, पोथी वाचताना एक बाजू संपली की पान उलटून पुढे वाचायचे, मध्ये थांबणे मला माहीत नाही. माझ्या हाताने चिठ्ठी उलटली आणि तोंडाने त्याच चालीत पुढे वाचले. साहेबांची एका रात्रीची झोप, सतरा हजार पाचशे चौतीस. "पाचशे चौऽतीस." काट्यावरच्या माणसाचा एक महिना, सोळा हजार आठशे. "हजार आठशे." फरक सातशे चौतीस. "फरक सातशे चौऽतीस." आता हा शेवट असा काही जमून आला होता की जिजाबाईंना तो पालुपदासारखाच वाटला. पालुपद तीनदा म्हणतात. त्यांनी ते तीनदा उचलले, तिसऱ्यांदा दुप्पट लयीत, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून फुगडीलाच लागणार होती, तिला शेजारणीने लुगडे धरून बसवले.

गोदामाला पत्र्याचे छप्पर आहे. आवाज वर जाऊन पुन्हा खाली आला. मागच्या रांगांत शेतकरी भागधारक टाळ्या देत होते, कामगार माना खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. किसनराव रुमाल शोधत होते, जो त्यांच्याच हातात होता. फोटोवाल्याला कोणी थांब म्हटले नाही म्हणून तो काढतच होता. मी थांबले तसा जिजाबाईंनी डोळे न उघडताच हात वर केला, कारण माझे वाचून झाले की हात वर करायचा, तेच अनुमोदन, असे त्यांना सांगून ठेवले होते.

साहेब मात्र शिकलेले. रागावले नाहीत. माइक घेऊन हसत म्हणाले, ताई, हे शेवटचे काय होते. मी म्हटले, साहेब, ते मागच्या बाजूचे आहे. "मागच्या बाजूचे आऽहे", मंडळ म्हणाले. मग साहेबांनी पडद्याकडे हात करून आम्हाला समजावले की आपण सारे एक कुटुंब आहोत, आणि कुटुंबात असे हिशेब करायचे नसतात. भाऊ, मी खाली बसायलाच निघाले होते. शपथेवर सांगते. पण कुटुंब म्हटल्यावर माझ्याने राहवले नाही, आणि इतका वेळ धरून ठेवलेली पुस्तकी भाषाही सुटली. "साहेब, तुमी कुटुंब म्हनता म्हून बोलते. आमच्या घरी वरण कमी पडलं तं ज्याच्या हाती पळी राह्यते, थो सगळ्याच्या शेवटी वाढून घेते."

"शेवटी वाढून घेते", मंडळ म्हणाले. पण या वेळी टाळ वाजला नाही. मागच्या रांगेतल्या कामगारांनी माना वर केल्या, आणि त्यांच्यात हे होते. ह्यांचा चेहरा गाडी उतरून गेल्यावर काटा असतो तसा होता, शून्यावर, काही कळेना.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि कंपनीच्या सेक्रेटरीणबाईंना विचारले, आता काय करायचे. या बाई नागपूरच्या, एका कोपऱ्यात बसून कामकाज लिहीत होत्या, तोंडावरची रेषाही न हलवता म्हणाल्या, ठराव जसा वाचला तसा मांडला गेला, अनुमोदनही मिळाले, आता मंजूर करायचा तर मागच्या बाजूसकट करावा लागेल. साहेब म्हणाले, मागची बाजू वगळा. बाई म्हणाल्या, वगळायची तर सूचकाने वगळावी. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, मी आजवर कोणतीही पोथी अर्धी सोडलेली नाही. शेवटी अध्यक्षांनी सभा दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत तहकूब केली. त्या दिवशी हात वर करून नाही, शेअरमागे एक मत असे कागदावर मतदान होईल. आणि उठता उठता म्हाताऱ्याने माइकवरच सांगून टाकले की साहेबांची वाढ थांबली तर अकरा जणांचा पगार त्यातूनच निघतो, तोवर यादी लावू नये. (मी घरी येऊन पाहिले. दोनदा निघतो आणि वर फुटाण्याला उरतात.) पाकिटे मात्र मिळाली. चिवडा, एक बालूशाही आणि कागदी रुमाल. बारशाला आम्ही वेळेवर पोचलो. तिथे जिजाबाई मला म्हणाल्या, "आजचा अभंग नवा होता वं, पुढचं कडवं काऊन नाई लावलं?"

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. काही हवे असेल तर देवाला सांगतात. "देवा, भाजीत मीठ कमी हाय." मी देवाला सांगते, मीठ डब्यात आहे. असे देवाच्या मध्यस्थीने आमचे चालले आहे. सोमवारी ह्यांनी डबा नेला नाही, दुपारपर्यंत घरी पाठवतील अशी खात्री होती. पण संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आले, चप्पल काढली आणि देवघराकडे तोंड करून म्हणाले, "देवा, यादी नाई लागली." आणि चहाचा दुसरा कप मागितला, तोही देवाकडेच. मी दिला.

काल किसनराव आले. मला वाटले आता ऐकावे लागणार. बसले, घाम पुसला, सभेत हे काय वागणे झाले असे सगळे बोलले, दोन कप चहा प्याले. जाताना चपलेत पाय घालता घालता हळूच म्हणाले, "वैनी, यादी अकराची नाई, बाराची हाय. बारावा मीच." आणि फाटकापाशी पोचल्यावर, "पान एक्कावन्न पाह्यलं का? साहेबाच्या गाडीचा खर्च." (पान एक्कावन्नवर मी वाण्याची यादी लिहिली होती. वाण्याकडून परत आणले आहे.)

असा सगळा प्रकार आहे. मी तुम्हाला उगाच काळजीत टाकायला लिहिले नाही, आपल्या माणसाला सांगितले की जिवाला जरा हलके वाटते एवढेच. आमचे काही अडलेले नाही, कशाची गरज नाही. वहिनींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद सांगणे. नवरात्रात उपवास धरू नका, डोळ्याला ताकद लागते. देवाने तुमच्या दुकानावर दोन्ही हात ठेवावे, आणि एक इकडे.

तुमची धाकटी,
सुलोचना

ता. क. गरज नाही असे वर लिहिले ते किराण्याबद्दल. शेअरची गोष्ट वेगळी. तुमचे पाचशे आहेत, म्हणजे पाचशे मते. सोबत प्रॉक्सीचा फॉर्म जोडला आहे, त्यावर बँकेत करता तशी सही करून उलट टपाली पाठवा. ऑपरेशन झाल्यावर तुमची सही बदलली असेल तर जुनी आठवून करा. त्यापेक्षा स्वतःच या. शेअरचे कागद कुठे आहेत असे वहिनींना विचाराल तर त्या नाही म्हणतील, पण मागच्या संक्रांतीला मी तुमच्याकडे लोणच्याच्या बरणीखाली पाहिले आहेत. तेलाचा डाग चालतो, नंबर दिसला पाहिजे. बाबांनी तुम्हाला चारशे जास्त दिले ते यासाठीच असावेत असे मला आता वाटते. अकरा घरे आहेत भाऊ, किसनरावांचे धरले तर बारा.

ता. क. दुसरा. येताना बाकी काही आणू नका. तुरीची डाळ आणलीत तर नाही म्हणणार नाही. पाच किलोच्या वर आणू नका, पिशवीला ओझे होते.

ता. क. तिसरा. तुमच्यापासून लपवून पचत नाही म्हणून लिहिते. किसनरावांनी चिठ्ठी दिली तेव्हा तिची मागची बाजू कोरी होती, आणि तीन दिवस कोरीच होती. तो हिशेब मी सभेच्या दिवशी सकाळी देवासमोर बसून लिहिला. मोठ्या अक्षरात, चष्मा न लावता वाचता येईल असा. अक्षर चांगले आले. हे ह्यांना कधीही सांगू नका. हात चुकून उलटला असेच ते समजतात, समजू द्या. देवाला माहीत आहे, पण तो फक्त मिठाबद्दल बोलतो.

ता. क. चवथा. पत्र पाकिटात घालणार तोच पुन्हा उघडले. तुम्ही दुकानदार माणूस, तुमच्या आधीच ध्यानात आले असेल की वर मी सतरा हजार पाचशे तीस लिहिले आणि सभेत चौतीस वाचले. माझ्या आत्ता आले. चिठ्ठी वहीत चिकटवायला घेतली तर मी लिहिलेल्या दोन्ही शून्यांवर कोणीतरी निळ्या पेनने गिरवून ४ केला आहे, झोपेच्या आकड्यात एक आणि फरकात एक. खाडाखोड नाही, स्वच्छ. दोन हात वर करून आखाड्यात उभा असल्यासारखा. हे आत्ता बाहेर देवाला सांगत आहेत की चहात साखर कमी आहे. आज दोन चमचे जास्त घालते.